एका पिंजऱ्यातील दोन मुनिया

सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये साबरमतीच्या काठी अहमदाबाद वसवले आणि शहराला त्याचे नाव लाभले. हेच नाव चिमणीहूनही लहान असलेल्या एका पक्ष्याला चिकटले आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्याकडे ज्याला 'लाल' किंवा 'लाल मुनिया' म्हणतात, तो पक्षी एके काळी अहमदाबादेच्या बाजारातून परदेशी व्यापाऱ्यांच्या हाती जाई. त्यांच्या तोंडी अहमदाबादचे 'अमदावाद' आणि त्याचे पुढे 'अवदवत' झाले. १७५८ मध्ये स्वीडनच्या लिनियसने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले, तेव्हा त्यातही 'अमंदावा' होऊन अहमदाबादच शिरले. जगातील कोणताही पक्षीतज्ज्ञ आज या पक्ष्याचे नाव घेतो, तेव्हा नकळत 'अहमद' हे नावही घेतो.

१६७०च्या दशकात हिंदुस्थानात फिरलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने आपल्या प्रवासवर्णनात या पक्ष्यांची नोंद केली आहे. अहमदाबादेहून येणारे हे लाल-पांढऱ्या ठिपक्यांचे पक्षी एका पिंजऱ्यात पन्नास-पन्नास ठेवलेले असत. त्यांतला एक गाऊ लागला की बाकीचे त्याला साथ देत. हे वर्णन वाचल्यावर त्या गाण्यापेक्षा तो आकडाच आमच्या मनात राहिला: एका पिंजऱ्यात पन्नास.

या लाल मुनियेची एक जवळची बहीण आहे, हिरवी मुनिया. नाते इतके जवळचे की शास्त्रज्ञांनी दोघींना 'अमंदावा' हेच घराण्याचे नाव दिले आहे. दोघी सारख्याच आकाराच्या, दोघी थव्याने राहणाऱ्या, दोघी गवताच्या बियांवर जगणाऱ्या. पण जगभरातील जीवजातींची स्थिती नोंदवणाऱ्या आययूसीएन या संस्थेच्या यादीत लाल मुनिया 'किमान चिंता' या गटात आहे, तर हिरवी मुनिया 'असुरक्षित' या गटात. म्हणजे काळजी घेतली नाही, तर हिरवी मुनिया कायमची नाहीशी होण्याचा धोका आहे. दोन बहिणींच्या नशिबात एवढा फरक का पडला? आणि त्याचा आपल्या घरांशी काय संबंध? या लेखात आम्हाला हेच सांगायचे आहे.

दोघींची ओळख

लाल मुनियेला मराठीत लाल मनोली असेही म्हणतात. लांबी सुमारे १० सेंटिमीटर. पावसाळ्याच्या सुमारास वीण जवळ आली की नराचे अंग डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल होते आणि त्यावर पांढरे ठिपके उमटतात. वीण संपली की हा पोशाख उतरतो आणि नर मादीसारखाच साधा, तपकिरी दिसू लागतो. मादीचे अंग बारा महिने तपकिरीच असते. फक्त शेपटीच्या मुळाशी आणि चोचीवर लाली असते. चोचीचा रंगही ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्याच्या तोंडाला काळी पडलेली चोच हळूहळू पुन्हा लाल होत जाते.

हिरवी मुनिया असा वेष बदलत नाही. तिची पाठ पोपटी-हिरवी, पोट पिवळे आणि चोच लालभडक असते. दोन्ही कुशींवर काळे-पांढरे आडवे पट्टे असतात. मादीचे रंग नरापेक्षा थोडे फिके. तिच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द 'फॉर्मोसा' आहे. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'सुंदर'. तिचे हे सौंदर्यच तिच्या मुळावर आले.

गाण्यात दोघींपैकी कोणीही बुलबुल किंवा दयाळ पक्ष्याची बरोबरी करणार नाही. लाल मुनियेचा आवाज बारीक आणि हळू असतो. हिरवीचे गाणे जरा उंच पट्टीत चढते आणि शेवटी थरथरत संपते. पण दोघींची एक सवय पाहणाऱ्याला लळा लावते. विसावा घेताना त्या एका काडीवर एकमेकींना अगदी चिकटून ओळीने बसतात आणि एकमेकींच्या डोक्यावरची, मानेवरची पिसे चोचीने साफ करून देतात. पिंजऱ्यातली एकटी मुनिया आपल्याला गप्प आणि मलूल दिसते, त्याचे कारण या सवयीत आहे. हा पक्षी एकटा राहण्यासाठी जन्मलेलाच नाही.

एक विपुल, दुसरी विरळ

लाल मुनियेचा संसार मोठा आहे. आपल्या देशाच्या बहुतेक भागांत, तसेच पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश, म्यानमार येथपासून थेट जावा बेटापर्यंत ती आढळते. पाण्याजवळचे उंच गवत, लव्हाळे, पाणकणीस, उसाची शेते असे कोठेही तिचे भागते. महाराष्ट्रातही तळ्याच्या किंवा कालव्याच्या काठच्या गवतात पावसाळ्यानंतर लक्ष देऊन पाहिले, तर लाल ठिणग्यांसारखे नर दिसू शकतात. पिंजऱ्यांतून परदेशी गेलेल्या मुनियांपैकी काही सुटल्या आणि स्पेन, फिजी, हवाई अशा दूरच्या मुलखांतही त्यांनी आपली वस्ती केली.

हिरव्या मुनियेचा मुलूख मात्र एकच, आपला भारत. जगात दुसरीकडे ती निसर्गतः कोठेही नाही. एके काळी लाहोरजवळ तिचा एक थवा मोकळा राहत असे. तो पिंजऱ्यांतून सुटलेल्या पक्ष्यांचा असावा असे समजले जाते, आणि तोही आता संपला आहे, असे मानतात. भारतातही ती सगळीकडे नाही. दक्षिण राजस्थान आणि मध्य भारताच्या पट्ट्यात, तेही तुकड्यातुकड्यांनी, तिची वस्ती आहे. जुन्या नोंदींत या पट्ट्याची कड महाराष्ट्रापर्यंत येते. आज ती हमखास दिसण्याचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे राजस्थानातील माउंट अबू. तेथे गुरुशिखराच्या वाटेवरील ओरिया गावाच्या आसपास, शेतांच्या कडेच्या झुडपांत तिचे थवे उतरतात. देशोदेशींचे पक्षीनिरीक्षक तेवढ्यासाठी तेथे येतात. देशभरातील हिरव्या मुनियांची एकूण संख्या काही हजारांच्याच घरात असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे.

अशा पक्ष्याचे गणित लालपेक्षा वेगळे असते. एका जिल्ह्यातल्या लाल मुनिया नाहीशा झाल्या, तर शेजारच्या जिल्ह्यातून नवे थवे येऊ शकतात. हिरव्या मुनियेचा एक तुकडा संपला, तर शेजारी तिचे कोणी असेलच असे नाही. ती गवतात किंवा उसात, रुंद पात्यांचा गोल गोळा करून घरटे बांधते. ऊसतोडणी आणि वीण एकाच वेळी आली, बांधावरचे गवत पेटवले गेले किंवा झुडपे साफ करून तेथे इमारत उभी राहिली, तर त्या वर्षीची पिल्ले गेली. जागा अशी कमी होत असतानाच तिच्यावर दुसरे संकट आले, ते जाळ्याचे.

जाळे काय ओळखते?

मुनिया पकडण्याची रीत जुनी आहे. पाणवठ्याजवळ किंवा दाणे पडलेल्या शेतात जाळे पसरायचे. जवळच लहान पिंजऱ्यात एक-दोन पाळीव मुनिया ठेवायच्या. त्यांचा आवाज ऐकून रानातला थवा खाली उतरतो, कारण एकत्र राहणे हा त्यांचा स्वभाव आहे. मग दोरी ओढली की अख्खा थवा जाळ्यात. ज्या सवयीने हा पक्षी रानात जगतो, तीच सवय त्याला पकडून देते.

तेथून पुढे ठोक व्यापारी, मग शहरातला बाजार. वाटेत पिंजऱ्यांत दाटीवाटी, पाण्याची टंचाई, उन्हाची तलखी. बाजारात पोचण्याआधीच अनेक पक्षी मरतात. त्यामुळे दुकानात दिसणाऱ्या एका मुनियेमागे रानातून एकापेक्षा अधिक मुनिया गेलेल्या असतात. ग्राहकाला फक्त जिवंत राहिलेली दिसते.

भारतातील पक्षीव्यापाराचा सर्वांत सखोल अभ्यास अबरार अहमद या पक्षीतज्ज्ञांनी केला. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक इंडिया' या संस्थेसाठी त्यांनी १९९०च्या दशकात बाजार पालथे घातले, पकडणाऱ्यांशी आणि विकणाऱ्यांशी बोलून माहिती जमवली. भारतात आढळणाऱ्या सुमारे १३०० जातींपैकी सुमारे ४५० जाती कधी ना कधी बाजारात आल्याचे या कामातून पुढे आले. विक्रीसाठी पक्ष्यांना कसे रंगवतात, हेही त्यांनी दाखवून दिले. साध्या तपकिरी मुनियांना हिरवा, गुलाबी, पिवळा रंग लावून 'परदेशी चिड्या' म्हणून विकले जाते. दोन-तीन वेळा अंघोळ झाली की रंग उतरतो.

या बाजारात लाल आणि हिरवी यांच्यातला सगळा फरक पुसला जातो. ग्राहक 'मुनिया' मागतो. त्याच्या दृष्टीने लाल, हिरवी, ठिपकेवाली, काळ्या डोक्याची या सगळ्या मुनियाच. त्याच हौसेवर, त्याच वाटेने, त्याच हातांतून सगळ्या येतात. लाल मुनिया 'विपुल' आहे म्हणून तिची विक्री निर्धोक वाटते. पण तिच्या विक्रीवर जो बाजार जिवंत राहतो, त्याच बाजारातून हिरवीलाही गिऱ्हाईक मिळते. जाळ्याला आययूसीएनची यादी वाचता येत नाही.

कायदा काय सांगतो?

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना संरक्षण दिले. तरीही पुढची काही वर्षे काही जातींचा व्यापार परवान्यावर चालू होता. १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांचा व्यापार पूर्णपणे बंद करण्यात आला. आज लाल असो वा हिरवी, कोणतीही देशी मुनिया रानातून पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरी ठेवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी कैद आणि दंड दोन्हींची तरतूद आहे आणि २०२२च्या दुरुस्तीने दंडाची रक्कम वाढवली आहे. शिवाय हिरव्या मुनियेचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'सायटिस' करारातही आहे.

अनेक घरांना ठाऊक नसते की हाच कायदा आपल्या हिरव्या देशी पोपटालाही लागू आहे. ओसरीवर टांगलेला 'मिठ्ठू' कितीही लाडका असला, तरी तो कायद्याने पाळता येत नाही. बजरीगर, झेब्रा फिंच यांसारखे पिंजऱ्यातच पैदा झालेले परदेशी पक्षी वेगळे. त्यांचे नियम वेगळे आहेत आणि काही परदेशी जातींसाठी नोंदणीही करावी लागते. दुकानदार 'चालते हो' म्हणाला, म्हणून ते चालते असे नाही.

सदक्याचा पक्षी

आता थोडे घरातले बोलू या. घरात कोणी दीर्घ आजारातून उठले, मूल परीक्षेत पास झाले, संकट टळले की काही घरांत पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा आहे. ती फक्त आपल्याच समाजात आहे असे नाही. पुण्यासाठी पक्षी सोडण्याची पद्धत इतर धर्मीयांतही आढळते. सोडणाऱ्याची नियत नेक असते, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण व्यवहार पाहा. पक्षी सोडण्यासाठी विकत घ्यावे लागतात, म्हणून ते आधी पकडले जातात. आज पिंजरा रिकामा झाला की उद्या तो भरण्यासाठी पुन्हा जाळे पसरले जाते. सोडलेली मुनिया तरी कोठे जाणार? जाळ्यात आणि प्रवासात थकलेली, पंख दुखावलेली, गवत-पाणी नसलेल्या शहराच्या गल्लीत ती कावळ्याच्या किंवा मांजराच्या तावडीत सापडते. माउंट अबूची हिरवी मुनिया मुंबईच्या गच्चीवरून सोडली, तर तिला तिचे रान कधीच सापडणार नाही.

येथे कोणी विचारील, पक्षी पाळणे इस्लाममध्ये नाजायज आहे का? प्रश्न रास्त आहे. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाजवळ, अबू उमैरजवळ, एक चिमुकला पक्षी होता. तो मेल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या मुलाची मायेने विचारपूस केली, हा प्रसंग हदीसमध्ये आला आहे. त्यावरून अनेक उलेमांनी नीट देखभाल केल्यास पक्षी पाळणे जायज ठरवले आहे. पण अबू दाऊद यांच्या संग्रहात आणखी एक प्रसंग आहे. प्रवासात काही सहाबांनी एका पाखराची दोन पिल्ले उचलली. आई पंख पसरून त्यांच्याभोवती फडफडू लागली. प्रेषितांनी (स.) ते पाहिले, या आईला दुःख कोणी दिले असे विचारले आणि पिल्ले परत करायला लावली.

दोन्ही प्रसंग समोर ठेवले की आमच्या मते गोष्ट स्पष्ट होते. मुलाने पाखरावर माया करणे वेगळे आणि रानातले थवेच्या थवे उपसून विकणारा बाजार पोसणे वेगळे. ज्या जातीचे आता काही हजारच उरले आहेत, तिच्याबाबत तर हा फरक अधिकच महत्त्वाचा. सदका द्यायचा आहे ना? मग तेवढ्याच पैशांत एखाद्या भुकेल्याचे जेवण होते, एखाद्या रुग्णाचे औषध होते. सदक्यासाठी एखाद्या जिवाला आधी कैदेत घालण्याची गरज नसते.

हौशीतून विद्या

पक्ष्यांची हौस आपल्या समाजात जुनी आहे. अब्दुल हलीम शरर यांच्या 'गुजिश्ता लखनऊ' या पुस्तकात तीतर-बटेरांबरोबर लालांच्या झुंजींचाही उल्लेख येतो. पण याच हौशीतून उत्तम पक्षीविद्याही जन्मली. १८९६ मध्ये मुंबईत जन्मलेले डॉ. सालिम अली लहानपणीच पोरके झाले आणि खेतवाडीत मामांच्या घरी वाढले. एअरगनने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. त्या एका प्रश्नाने त्यांचे आयुष्य बदलले. पुढे नोकरी गेलेली असताना त्यांनी आपल्या कोकणात, अलिबागजवळच्या किहीमला, सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला आणि एक नर अनेक घरटी विणून अनेक माद्यांशी संसार कसा मांडतो, हे जगाला सांगितले. १९४१ मध्ये निघालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने कित्येक पिढ्यांना पक्षी ओळखायला शिकवले.

दुसरे उदाहरण बिहारमधील मीर शिकार समाजाचे. पक्षी पकडणे हा त्यांचा पिढीजात धंदा. कोणत्या पक्ष्याला कोणत्या आवाजाने भुलवायचे, कोणते जाळे कोठे लावायचे, हे ज्ञान त्यांच्या रक्तात. १९६०च्या सुमारास सालिम अली यांच्या पुढाकाराने पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा पक्ष्याला इजा न करता पकडणारी माणसे हवी होती. सोसायटीने मीर शिकारांनाच बोलावले. त्यांतले अली हुसेन तर या कसबासाठी नामांकित झाले. तेच हात, तेच जाळे, पण पकडलेला पक्षी कडी घालून पुन्हा आकाशात. पक्षीव्यापार बंद करताना तो करणाऱ्या गरीब माणसाला केवळ गुन्हेगार ठरवून भागणार नाही. त्याच्या विद्येला दुसरा रोजगार मिळाला पाहिजे, हे या उदाहरणावरून शिकता येते.

आपण काय करू शकतो?

मोठमोठ्या योजना सरकार करील. घरापुरत्या गोष्टी मात्र आपल्याच हातात आहेत.

पहिली गोष्ट, मुनिया विकत घेऊ नये. पाळण्यासाठी नाही, मुलाच्या हट्टासाठी नाही आणि सोडण्यासाठीही नाही. दुकानात तडफडणारी मुनिया पाहून दया येते आणि 'निदान हिला तरी वाचवू' असे वाटते. पण दुकानदाराच्या वहीत ती विक्रीच असते.

दुसरी गोष्ट, घरात आधीपासून देशी पक्षी असेल, तर तो स्वतः बाहेर सोडू नये. वनखात्याशी बोलावे. महाराष्ट्रात वनखात्याची १९२६ या क्रमांकाची हेल्पलाइन आहे. पक्ष्यांची उघड विक्री दिसली, जखमी पक्षी सापडला, तरी तेथेच कळवावे.

तिसरी गोष्ट गावाकडच्या वाचकांसाठी. शेताच्या बांधावरचे सगळे गवत पेटवून देऊ नये. ओढ्याकाठी एक पट्टा राखून ठेवला, तरी मुनियांना बी आणि घरट्याला जागा मिळते. शहरातल्या वाचकांनी गच्चीवर सावलीत उथळ भांड्यात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे.

चौथी गोष्ट मुलांसाठी. दिवाळीच्या सुट्टीत किंवा एखाद्या रविवारी मुलांना जवळच्या तळ्याकाठी न्यावे. वीस-पंचवीस पावले लांब उभे राहून गवत हलते कोठे, ते पाहायला सांगावे. काडीवर चिकटून बसलेला मुनियांचा थवा एकदा मोकळ्यावर पाहिलेले मूल पिंजऱ्यासाठी हट्ट धरणार नाही, असा आम्हाला विश्वास वाटतो. वहीत तारीख, ठिकाण आणि संख्या लिहायला शिकवावे. सालिम अलींनीही आयुष्यभर हेच केले.

लाल मुनिया आज 'किमान चिंते'च्या यादीत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ही यादी म्हणजे तिला पकडण्याचा परवाना नाही. एके काळी पिंजऱ्यात पन्नास-पन्नास भरण्याइतकी ती सहज मिळत होती, म्हणून कोणी मोजले नाही. हिरवीला मोजायची वेळ आली, तेव्हा ती थोडीच उरली होती. लालवर ती पाळी येऊ नये आणि हिरवीची संख्या पुन्हा वाढावी, यासाठी सर्वांत स्वस्त आणि सोपा उपाय आपल्याच घरात आहे. बाजारातल्या त्या पिंजऱ्यासमोरून जाताना पाकिटाला हात लावू नये.